सिनेमा आणि कॉमिक एकाच वेळी करणारे कुणी आहेत का इथे? सल्ला हवाय

मुठाकाठची | ४ जून, रात्री ११:५०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होते, आज राहवलं नाही म्हणून धागा काढतेय. लांबणार आहे, सांभाळून घ्या.

मी पुण्यात असते. पोटापाण्यासाठी जाहिरातींचे स्टोरीबोर्ड (शूटच्या आधी प्रत्येक शॉटचं कच्चं चित्र) काढते. त्याशिवाय दोन कामं चालू आहेत आणि दोन्ही माझी स्वतःची, म्हणजे कुणी सांगितली नाहीत, मीच अंगावर घेतलीत. पहिलं म्हणजे सिनेमा. साधारण ८० मिनिटांचा, तीनच पात्रं, वेल्ह्याच्या बाजूचं एक गाव. मित्रमैत्रिणींनी थोडे थोडे पैसे घातले, काही माझे, आणि गेल्या पावसात १४ दिवस शूट झालं. ६ दिवस राहिले. ते राहिले कारण मुख्य काम करणारे काका आजारी पडले आणि ते बरे होईपर्यंत पाऊस संपला.

दुसरं कॉमिक. पानशेतचा पूर, १२ जुलै १९६१. माझी आजी तेव्हा २३ वर्षांची होती, शनिवार पेठेत ओंकारेश्वराजवळ एका वाड्यात राहायची. तिच्या तोंडून ऐकलेलं सगळं मी चार वर्षं फोनवर रेकॉर्ड करतेय, त्यावर ६४ पानांचं पुस्तक करायचंय. लिहून झालंय, काढून झालीत फक्त ९ पानं.

आता अडचण. एका दिवाळी अंकाने त्यातली १२ पानं मागितलीत, ३१ ऑगस्टपर्यंत. आणि सिनेमाचे ते ६ दिवस जुलैतच व्हायला हवेत कारण गोष्टीत भातलावणी आहे. जूनमध्ये डोंगर अजून करडे असतात, सप्टेंबरात गेलं तर भात गुडघ्याच्या वर आणि पठारावर सोनकी पिवळी झालेली, गेल्या वर्षीच्या शॉटला ते जुळणारच नाही. म्हणजे जुलै सिनेमाचा, ऑगस्ट अंकाचा, असं कागदावर सोपं दिसतं पण प्रत्यक्षात तसं होत नाही. शूटच्या आधी तीन आठवडे माझं डोकं फोन, जेवण, गाड्या, तारखा यातच असतं, आणि शूटनंतर दोन आठवडे मी पेन्सिल हातात धरली तरी रेघ येत नाही. गेल्या वर्षी असंच झालं होतं, सबंध ऑगस्ट कोरा गेला.

अजून एक. एका निर्मात्याने राहिलेल्या ६ दिवसांचे पैसे द्यायची तयारी दाखवली, पण त्याला बदल्यात पुराच्या कॉमिकचे सगळे हक्क हवेत. म्हणाला पूर हा खरा सिनेमाचा विषय आहे, तुमचं कॉमिक म्हणजे त्याचा स्टोरीबोर्डच की. हे वाक्य ऐकल्यापासून मला नीट झोप लागत नाहीये. पैसे तर हवेतच.

दोन्ही सांभाळणारे कसे सांभाळता? की एक सोडून द्यावं?

---

पाटीपेन्सिल | ५ जून, सकाळी ८:१५

सोडू नका!! आधी हे सांगतो मग बाकीचं.

मी नाशिकला, १० वर्षं कॉमिक काढतोय, मध्ये तीन शॉर्टफिल्म केल्या. माझ्या अनुभवाने सांगतो, दोन प्रोजेक्टांमध्ये महिने वाटलेत तर फसाल. कामाच्या जातीवर वाटा. कॉमिकमध्ये दोन जातीची कामं असतात. एक म्हणजे पान रचणं, कुठलं चित्र केवढं, कुठे थांबायचं, बोलणं किती. त्याला सलग रिकामं डोकं लागतं, फोन वाजला की गेलं. दुसरं म्हणजे शाई भरणं, काळं भरणं, चौकटी आखणं, अक्षरं. याला हात लागतो पण डोकं अर्धं चालतं, रेडिओ लावून होतं, शूटनंतरच्या थकव्यातही होतं.

तर तुमच्याकडे आज ५ जून. जुलै लागायच्या आत बाराच्या बारा पानांची छोटी कच्ची रचना करून टाका, बोटाएवढी चित्रं, एका ए-फोर कागदावर चार चार पानं मावतील अशी. सुंदर नको, फक्त निर्णय हवेत. मग जुलैत सिनेमा. ऑगस्टमध्ये तुम्ही टेबलाशी बसाल तेव्हा विचार करायचा नसेल, निर्णय समोर भिंतीवर टाचलेले असतील, हाताने फक्त त्यांच्या मागे जायचं. शूटनंतर रेघ येत नाही म्हणता ना, ती रेघ नसते हो, निर्णय येत नसतो. दोन महिने शंभर लोकांचे निर्णय घेऊन झाल्यावर अजून एक घ्यायची ताकद उरत नाही.

आणि अंकवाल्यांना आत्ताच विचारा, पहिलं पान उजवीकडे येणार की डावीकडे. उजव्या पानाच्या शेवटी वाचणारा पान उलटतो, म्हणजे धक्का द्यायचा असेल तो त्याच्या पुढच्या डाव्या पानावर हवा. धरण फुटतं ते चित्र चुकून समोरासमोरच्या उजव्या पानावर आलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्याला ते आधीच दिसून गेलेलं असतं. आणि दिवाळी अंक म्हटल्यावर जाहिराती आल्या. मध्ये जाहिरातीचं पान घुसलं की तुमची सगळी डावी-उजवी उलटी. लेखी घ्या त्यांच्याकडून.

---

सिंकसाऊंड | ५ जून, दुपारी २:०५

पाटीपेन्सिल यांना +१. मी सिनेमाच्या बाजूने सांगते, साऊंड करते, मूळची कोल्हापूरची.

ताई, पावसातलं ६ दिवसांचं शूट म्हणजे ६ दिवसांचं धरू नका. ऊन पडलं म्हणून एक दिवस जाणार (हो, जुलैतही पडतं, आणि नेमकं तेव्हाच) आणि इतका पाऊस लागला की कॅमेरा काढताच येत नाही म्हणून एक जाणार. ८ दिवस धरा. आणि खऱ्या पावसात रेकॉर्ड केलेले संवाद बहुतेक वेळा वापरता येत नाहीत, पत्र्यावरचा पाऊस तर सगळं खाऊन टाकतो. तुमच्या गावात पत्रे असतीलच. त्यामुळे डबिंग धरून चला, आणि तिथे असतानाच प्रत्येक सीननंतर कॅमेरा बंद करून त्याच पात्रांकडून तेच संवाद पडवीत, घोंगडी पांघरून, परत म्हणवून घ्या. ओठ थोडे पुढेमागे होतील पण आवाजात दम तोच असेल, तीन महिन्यांनी स्टुडिओत काकांना तो परत आणता येणार नाही. त्याचा अजून एक फायदा, तुमचं सप्टेंबरातलं डबिंग निम्मं कमी होईल आणि तो वेळ कॉमिकला.

दुसरं, तुम्ही एकट्या नाही आहात. आमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचं बघा. चित्रकार, शिल्पकार, आणि सिनेमाही. महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२५ ला 'सावकारी पाश' केला, आणि आपल्या सिनेमांची पोस्टरंही ते स्वतः रंगवायचे. लहानपणापासून त्यांचं हे ऐकतच आम्ही मोठे झालो, त्यामुळे चित्र काढणाऱ्याने सिनेमा करणं आमच्याकडे कुणाला वेगळं वाटत नाही.

---

योकोहामाकर | ५ जून, सायंकाळी ६:४०

मी इथे जपानमध्ये १२ वर्षं आहे, जपानी वाचता येतं, म्हणून थोडं इथलं सांगतो कारण तुमचा प्रश्न इथे अगदी मोठ्या माणसांना पडलेला आहे.

ॲनिमेशनचे सिनेमे करणाऱ्या मियाझाकींनी 'नौसिका' ही मांगा (म्हणजे जपानी कॉमिक) १९८२ ला एका ॲनिमेशनच्या मासिकात सुरू केली. दोन वर्षांत तिच्यावर सिनेमाही आला, १९८४ ला, तेव्हा मांगाची सुरुवातच झाली होती म्हटलं तरी चालेल. पुढे दर सिनेमाच्या वेळी त्यांनी मांगा थांबवली, सिनेमा संपला की परत सुरू, असं करत करत ती १९९४ ला पूर्ण झाली. १२ वर्षं. ७ खंड. आणि ती वाचली तर कळतं की सिनेमातली गोष्ट आणि मांगातली गोष्ट यात केवढा फरक पडत गेला, मांगा कितीतरी जास्त कठोर आणि गुंतागुंतीची होत गेली कारण माणूस मधल्या काळात बदलला.

दुसरे ओतोमो. 'अकिरा' १९८२ ला सुरू, १९८७ मध्ये सिनेमासाठी मांगा थांबवली, १९८८ ला सिनेमा आला, मग परत मांगा हातात घेऊन १९९० ला संपवली. २००० च्या वर पानं. दोन्हीचे शेवट वेगळे आहेत.

हे सांगायचं कारण असं की तुम्हाला वाटतंय थांबवणं म्हणजे हरणं. तसं नाही. पण एक बघा, थांबायचं ते प्रकरण संपल्यावर, मध्येच लोंबकळत नाही. तुमची ९ पानं कुठे येऊन थांबलीत? प्रसंग पूर्ण झालाय का? नसेल तर जुलैच्या आधी तेवढा पूर्ण करा, परत येताना दार सापडतं.

---

कलम५७ | ५ जून, रात्री ९:३०

मी वकील आहे, पण इथे सर्वसाधारण माहितीच देऊ शकतो. सही करण्यापूर्वी तुमच्या वकिलाला कागद दाखवा, हे आधी.

निर्मात्याचं 'सगळे हक्क' हे वाक्य फार महागात पडतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे. त्यात हक्क देणं म्हणजे एकच गोष्ट नाही, त्याचे तुकडे करता येतात. छापण्याचा हक्क वेगळा, भाषांतराचा वेगळा, सिनेमा करण्याचा वेगळा. तुमच्या चित्रांच्या बाबतीत ती चित्रं सिनेमात वापरण्याचा हक्क हाही वेगळा आहे. तुम्ही फक्त सिनेमाचा हक्क, ठरावीक वर्षांसाठी, देऊ शकता आणि पुस्तक पूर्णपणे तुमच्याकडे ठेवू शकता.

कलम १९ नीट वाचा. हस्तांतर लेखी आणि सहीचं असावं लागतं. कागदात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत धरला जातो. आणि ज्याने हक्क घेतले त्याने वर्षभरात ते वापरलेच नाहीत तर ते हक्क संपल्याचं मानलं जातं, जर कागदात वेगळं काही लिहिलं नसेल तर. समोरचा मसुदा करतो तेव्हा नेमकं तेच 'वेगळं काही' त्यात लिहिलेलं असतं, म्हणून ती ओळ शोधा. आणि कलम ५७, माझं आवडतं. हक्क विकले तरी काम तुमचं आहे हे सांगण्याचा आणि त्याची मोडतोड होऊन तुमची अप्रतिष्ठा होत असेल तर हरकत घेण्याचा अधिकार तुमच्याकडेच राहतो.

पण माझं मत विचाराल तर ६ दिवसांच्या शूटच्या पैशासाठी चार वर्षांच्या रेकॉर्डिंगवर उभं असलेलं पुस्तक देऊ नका. दोन वेगळ्या वस्तू आहेत, दोन वेगळे कागद करा. सिनेमात पैसे घालणाऱ्याला सिनेमात वाटा द्या.

---

मुठाकाठची | ६ जून, रात्री १२:२०

खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं येईल असं वाटलं नव्हतं. कलम५७, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून ठेवला.

पाटीपेन्सिल, ते निर्णयाचं वाचून मी दहा मिनिटं तशीच बसले. अगदी तेच आहे.

योकोहामाकर, ९ वं पान नेमकं अर्ध्यात आहे. आजी जिन्यावर उभी आहे आणि खाली लोक ओरडतायत, तिथेच थांबलेय. पुढचं पान येत नव्हतं म्हणूनच थांबले.

ते स्टोरीबोर्डवालं वाक्य मला का लागलं ते सांगते. मी रोज स्टोरीबोर्ड काढते हो. स्टोरीबोर्ड कॅमेऱ्यासाठी असतो, कॅमेरा चालू झाला की त्याचं काम संपलं, केराच्या टोपलीत गेला तरी चालतो. कॉमिकच्या पानात वाचणारा स्वतः वेळ ठरवतो, एका चित्रावर दोन मिनिटं थांबतो, मागे जातो. पूर सिनेमात दाखवायचा तर मला लाखो लिटर पाणी आणि अख्खी पेठ उभी करावी लागेल, ते माझ्या आयुष्यात शक्य नाही. कागदावर मला एक शाईची बाटली आणि एक ब्रश लागतो आणि मी लकडी पूल बुडवू शकते. आणि उलट, सिनेमातले काका बांधावर बसून तंबाखू मळतात आणि तीन मिनिटं काहीच बोलत नाहीत, ते मला कागदावर कधीच जमणार नाही. म्हणूनच तर दोन्ही करतेय ना.

---

तिन्हीसांज | ६ जून, सकाळी ७:००

मुठाकाठची, तुझं वाचून जवळची वाटलीस म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

मी ॲनिमेशन करते, घरी ४ वर्षांची मुलगी आहे. मनगट सांभाळ, एवढंच सांगायला आले. मी दोन वर्षांपूर्वी १९ दिवस रोज १२ तास काढत बसले आणि मग दोन महिने मला पोळी लाटता येत नव्हती, डबा उघडता येत नव्हता. डॉक्टरांनी पट्टा दिला आणि विश्रांती सांगितली. ऑगस्टमध्ये १२ पानं म्हणजे अडीच दिवसाला एक पान, जमेल, पण त्यात रविवार सुट्टीचा धर. शूटवर कॅमेरा, छत्र्या, ट्रायपॉड उचलायला दुसऱ्यांना सांग. दिग्दर्शकाने सामान उचललं की युनिटला बरं वाटतं हे खरं आहे गं, पण तुझा हात तुला पुढच्या महिन्यात लागणार आहे.

---

त्र्यंबकचा | ६ जून, सकाळी १०:४५

पैशांवरून एक आठवलं. दादासाहेब फाळके आमच्या त्र्यंबकेश्वरचे, जन्म १८७०. जे. जे. कलाशाळेत शिकले, फोटोग्राफी केली, पुढे बरीच वर्षं छपाईच्या धंद्यात होते, रविवर्म्यांच्या प्रेससाठीही काम केलं. म्हणजे शाई आणि छपाईची शिळा यातूनच हा माणूस सिनेमात आला. सिनेमा काढायचा ठरवला तेव्हा पैसे कुणी देईना, तर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याचा वेल कसा वाढतो ते एक एक चौकट घेत टिपलं. ती छोटीशी फिल्म दाखवून पैसे उभे केले. मग १९१३ ला 'राजा हरिश्चंद्र'.

तुमची अंकातली १२ पानं हा तुमचा वाटाण्याचा वेल आहे असं मला वाटतं. पुस्तकासाठी पुढे जे पैसे लागतील ते ती १२ पानं छापील हातात असली की मागता येतील. ६४ पानं म्हणजे १६ चे बरोबर ४ फर्मे (फर्मा म्हणजे एकत्र छापून घडी घालायच्या पानांचा गठ्ठा), प्रेसवाल्याला सोपं. त्यामुळे पानं ६२ किंवा ६६ होऊ देऊ नका, उगाच खर्च वाढतो.

---

अंकवाला | ६ जून, दुपारी १२:३०

मी एका (दुसऱ्या) दिवाळी अंकाच्या संपादनात असतो. ३१ ऑगस्ट ही तारीख बघून सांगतो, बहुतेक संपादक चार-सहा दिवस हातचे राखून तारीख देतात. पण चित्रांच्या मजकुराचं तसं नसतं. लेख उशिरा आला तर आम्ही रात्रीत लावतो, कॉमिकची पानं उशिरा आली आणि मापात चुकली तर काहीच करता येत नाही. त्यामुळे आजच त्यांच्याकडून मागून घ्या: पानाचं अचूक माप, कडेला किती मिलीमीटर सोडायचं, कागद कुठला. कृष्णधवल असेल आणि साधा मॅपलिथो असेल तर शाई पसरते, बारीक राखाडी छटा सगळ्या चिखल होतात. पुराच्या चित्रांत तुम्ही पाणी छटांनी काढलं असेल तर एक पान नमुन्याला छापून बघायला सांगा. चांगला संपादक नाही म्हणणार नाही.

आणि मजकूर तुमच्या हाताचा की फॉन्ट?

---

मुठाकाठची | ६ जून, दुपारी ३:१०

@अंकवाला हाताने करायचं मनात आहे पण ऑगस्टमध्ये वेळ पुरेल का शंका आहे. फॉन्ट टाकला की पान मेल्यासारखं दिसतं.

@तिन्हीसांज राग कसला, उलट बरं वाटलं गं. आजपासून ट्रायपॉडला हात लावणार नाही.

---

पाटीपेन्सिल | ६ जून, रात्री ८:५५

अक्षरांवर माझा जीव आहे त्यामुळे लांबण लावतो, क्षमस्व.

इंग्रजी कॉमिकचे संवादांचे फुगे बघून आपण आपले फुगे काढतो तिथेच चुकतो. त्यांची अक्षरं सगळी एका उंचीची, ओळीला ओळ चिकटवली तरी चालते. आपल्याकडे वर वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार, पाय मोडलेलं अक्षर. ओळींमध्ये जागा जास्त लागते, म्हणजे फुगा मोठा, म्हणजे चित्राला जागा कमी. म्हणून आधी फुगा काढा, मग चित्र. संवाद १५ शब्दांच्या वर गेला की तोडा. आणि लहान आकारात जोडाक्षरं जपा, 'शुद्ध', 'राष्ट्र' यांची पोटं छपाईत शाईने भरून जातात आणि काळा ठिपका उरतो.

फुग्यातलं बोलणं फॉन्टमध्ये करा हवं तर, स्वतःच्याच अक्षराचा फॉन्ट करून घ्या, आता ते अवघड राहिलं नाही. पण आवाज हाताने काढा. पुरात केवढे आवाज आहेत, धडाड, खळखळ, भस्स. आणि आपल्याकडे जी गोष्ट इंग्रजीत नाही ती शिरोरेघ आहे. मला काल रात्री सारखं डोळ्यासमोर येत होतं, वाड्याच्या चित्रात 'खळखळ' लिहा आणि त्याची शिरोरेघ हीच पाण्याची पातळी करा. अक्षरं पाण्याखाली लोंबणारी. पुढच्या चित्रात तीच रेघ एक पायरी वर. तिसऱ्यात अजून वर. वाचणाऱ्याला सांगावं लागणार नाही की पाणी चढतंय. तुमचं १० वं पान हेच असेल बघा, जिन्यावरचं.

---

मुठाकाठची | ६ जून, रात्री ९:२०

पाटीपेन्सिल 🙏🙏 मला रडू आलं. काढून बघते.

---

सिंकसाऊंड | ६ जून, रात्री १०:०२

शिरोरेघेची कल्पना वाचून अंगावर काटा आला. मी आवाजाचं काम करते आणि असा आवाज मला कधी दिसला नव्हता.

---

योकोहामाकर | ७ जून, सकाळी ५:३०

अजून एकच टाकतो मग थांबतो. सत्यजित राय 'पथेर पांचाली'चं शूट करत होते तेव्हा जाहिरात कंपनीत नोकरीला होते, सुरुवातीला सुट्टीच्या दिवशी शूट. १९५२ ला सुरुवात, १९५५ ला सिनेमा आला, मध्ये पैसे संपले म्हणून बरेच महिने काम बंद. आणि त्याआधी, ज्या कादंबरीवर तो सिनेमा आहे तिच्या मुलांसाठीच्या आवृत्तीची चित्रं त्यांनीच काढली होती. मुठाकाठची, तुम्हीही जाहिरातीतच आहात.

---

मुठाकाठची | ११ सप्टेंबर, रात्री १०:१५

धागा वर आणतेय. तीन महिने गायब होते त्याबद्दल माफी, पण काय झालं ते तुम्हाला सांगायलाच हवं.

निर्मात्याला नकार कळवला. त्याऐवजी जूनमध्ये जाहिरातीची दोन मोठी कामं घेतली आणि युनिट अकरावरून सात जणांवर आणलं. बाराही पानांची कच्ची रचना २८ जूनला पूर्ण झाली, भिंतीवर टाचली आणि मग त्याकडे बघितलं नाही.

शूट ८ दिवस धरलं होतं, ७ लागले. सिंकसाऊंड, तुम्ही म्हणालात तसं तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं, लावणीच्या बायका आल्या आणि चिखलात उभ्या राहिल्या आणि वर निळं आकाश, काहीच करता आलं नाही. त्या बायकांनीच मग आम्हाला पिठलं-भाकरी घातली. दुसऱ्या दिवशी पाऊस आला तर त्यांनी निरोप पाठवून बोलावलं, पहाटे साडेपाचला. तो सीन सबंध सिनेमातला सगळ्यात चांगला झालाय असं मला वाटतं. घोंगडीखालचं रेकॉर्डिंगही केलं, काकांना आधी अवघडल्यासारखं झालं, मग आवडायला लागलं, नंतर ते स्वतःच आठवण करायचे, 'घोंगडी कुठाय' म्हणून. एक सीन राहिला, होडीचा, धरणाच्या पाण्यात वारा फार होता आणि जोखीम घ्यायची नव्हती. तो बहुतेक पटकथेतूनच काढून टाकेन.

३ ऑगस्टला टेबलाशी बसले. पहिले चार दिवस फक्त चौकटी आखल्या आणि काळं भरलं. पाचव्या दिवशी हात सुटला. रविवारी सुट्टी घेतली, तिन्हीसांज, शप्पथ. नमुन्याचं पान छापून मागितलं, अंकवाला, तुमचं खरं ठरलं, छटा सगळ्या चिखल झाल्या होत्या. त्यानंतर पाणी पूर्ण काळं केलं आणि त्यात पांढऱ्या रेघा ठेवल्या. जास्त भीतीदायक दिसतंय. ३० ऑगस्टला १२ पानं दिली. मध्ये जाहिरात नाही, मेलवर लेखी घेतलंय.

१० वं पान शिरोरेघेचंच आहे. तीन चित्रं, तोच जिना, 'खळखळ', 'खळखळ', 'खळखळ', आणि रेघ वर वर जाते. आजी शेवटच्या पायरीवर.

परवा संपादकांकडून प्रूफ आलं म्हणून आजीकडे घेऊन गेले. तिला आता दिसायला कमी दिसतं, भिंग घेऊन बसली. एक एक पान बघत होती, काही बोलत नव्हती. दहाव्यावर आली आणि बराच वेळ थांबली. मला वाटलं आवडलं. मग भिंग खाली ठेवून म्हणाली, "छान काढलंयस. पण पाणी दिंडी दरवाजातून नाही गं आलं आधी. आधी मोरीतून वर आलं. आम्ही मोरीवर पाट टाकून वर वरवंटा ठेवला होता, तो हलायला लागला, तेव्हा कळलं."

चार वर्षांच्या रेकॉर्डिंगमध्ये तिने हे एकदाही सांगितलं नव्हतं. चित्र समोर आलं तेव्हा आठवलं.

संपादकांना रात्रीच फोन केला. मंगळवारपर्यंत थांबायला तयार आहेत. दहावं पान परत काढतेय: मोरी, पाट, वरवंटा, आणि शिरोरेघ पाटाच्या खालून सुरू.

---

पाटीपेन्सिल | ११ सप्टेंबर, रात्री १०:३५

मंगळवारपर्यंत भरपूर वेळ आहे. अक्षरांचं काही अडलं तर रात्री कितीही वाजता फोन करा, नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय. आणि वरवंटा हलतो त्याचा आवाज काय लिहिणार?

---

मुठाकाठची | ११ सप्टेंबर, रात्री १०:४१

आजीला विचारलं. म्हणाली 'गडग्-गडग्'.